एकदा सासरी पाठवजो

प्रमोद, तुझं काम सासरी नांदलं नाही.

हे तुला आधी सांगायचं होतं, बाकी सगळं नंतर. तेरवी होऊन गेल्यावर कॉलेजात तुझी शोकसभा झाली. सुट्ट्या असूनही बरेच जण आले होते. प्राचार्यांनी तुझ्या पदव्या वाचल्या, शोधनिबंध वाचले, कूलर इतका आवाज करत होता की अर्धं कुणाला ऐकूच गेलं नाही. मी मागच्या रांगेत बसले होते. बोलायला उभं केलं तेव्हा दोन वाक्यं बोलून खाली बसले. लोकांना वाटलं मला भरून आलं. भरून आलंही होतं, पण खरं कारण वेगळं होतं. माझ्या मनात जे होतं ते हार घातलेल्या फोटोसमोर बोलण्यासारखं नव्हतं. ते एवढंच होतं की, बाबा रे, तुझं शेवटचं काम आम्ही दुसऱ्या मशीनवर पहिल्यापासून चालवून पाहिलं आणि त्यातून तुझं उत्तर निघालं नाही.

ज्यांनी आपली ती मागची खोली पाहिली नाही त्यांना सासरी पाठवणं म्हणजे काय ते कळायचं नाही. वर्ध्यासारख्या गावातल्या कॉलेजात दोन मास्तर, तू आणि मी, झाडांच्या रोगांचे विषाणू कॉम्प्युटरवर तपासत बसतो हेच लोकांना कळत नसे. तुझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की तू कॉलेजात कॉम्प्युटर दुरुस्त करतोस. रोगट पान आणायचं, ते बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवायचं, तिथून त्यातल्या विषाणूची जनुकीय लिपी लांबलचक फायलींमध्ये यायची. त्या फायली साफ करायच्या, जोडायच्या, एकमेकींशी ताडायच्या आणि कोण कुणाच्या घराण्यातलं ते शोधायचं. एवढंच आपलं काम. एवढ्यानंच माझे डोळे गेले आणि तुझी पाठ.

तुला तो दिवस आठवत असेल. संत्र्याच्या रोगावरचं आपलं काम छापून येऊन गेलं होतं आणि परगावच्या एका बाईंनी मेल करून साधं विचारलं होतं की तुमची तिसरी आकृती कशी काढली. आपण हसत हसत बसलो, म्हटलं पाठवून देऊ. मधल्या काळात खोलीतलं जुनं मशीन बदललं होतं. दुपार गेली, संध्याकाळ गेली, ती आकृती काही निघेना. निघायची, पण दरवेळी जरा वेगळी. तू खुर्ची मागे लोटून म्हणालास, "आपलंच आपल्याले भेटून नाई राह्यलं, सुनीता. मंग दुसऱ्याले काय भेटन?" मी म्हटलं, छापून आलंय ना, सोड आता. तू सोडलं नाहीस. तुझ्याशी मी भांडले त्यातली निम्मी भांडणं "सोड आता" या दोन शब्दांवरची आहेत.

त्यानंतर तू तो नियम काढलास. कुणाचंही काम असो, ते बाहेर जाण्याआधी एका शनिवारी दुसऱ्याच्या मशीनवर जाणार. सोबत फक्त कच्च्या फायली आणि लिहिलेल्या सूचना. दुसऱ्यानं अगदी पहिल्या पायरीपासून सुरुवात करायची, आधीचं अर्धवट शिजलेलं काही घ्यायचं नाही. "शिळं चालत नाई," असं तू म्हणायचास. आणि ज्यानं काम केलंय त्यानं त्याच खोलीत बसायचं, पण तोंड उघडायचं नाही. बोट दाखवायचं नाही, खाकरायचं नाही. तू स्वतः तोंडात सुपारी धरून बसायचास, म्हणजे जीभ गुंतलेली राहील. उत्तर तेच निघालं तर काम नांदलं. नाही निघालं तर ज्याचं काम त्यानं सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घालायचे, आणि पोह्याची प्लेट समोर आली की मगच त्यानं तोंड उघडून आपली बाजू मांडायची.

या नावावरून मी तुझ्याशी पहिल्या दिवसापासून भांडले. म्हटलं, तुला दुसरं नावच सुचलं नाही? तोंड बंद ठेवून परक्या घरी नांदायचं, हे बायकांनी आयुष्यभर केलं तेवढं पुरे नाही का? तू शांतपणे सुपारी गालात सरकवलीस. "नीट पाह्य ना बाई. इथं पोरगी गप नाई बसत, पोरीचा बाप गप बसते. पोरीलेच सगळं बोला लागते." याचं उत्तर मला घरी कणीक मळताना सुचलं, तेव्हा तू समोर नव्हतास. हे भांडण तसंच राहिलं. तुला सांगून ठेवते, मला ते नाव अजून आवडत नाही आणि मी अजून तेच वापरते.

माझं पहिलंच काम सासरी गेलं आणि पहिल्या ओळीवर आपटलं. फोल्डरचा पत्ता मी माझ्या मशीनचा लिहिला होता, माझ्याच नावाचा. तुझ्या मशीनवर सुनीता नावाचं घर कुठून असणार? तपासणारा तू होतास, हसू दाबताना तुझे खांदे हलत होते. बस स्टँडजवळच्या गाड्यावरून मी पोहे आणवले. पुढेही कितीदा आणवले ते मी मोजलं नाही, गाडेवाला मला ओळखायला लागला. आपल्याकडे संशोधन साहाय्यक म्हणून आलेली हिंगणघाटची प्रियंका, तिनंही खाऊ घातले. एक तूच राहिलास. तुझं काम दरवेळी नांदायचं. प्लेट पुसत तू म्हणायचास, "तुमाले माह्या घरचे पोहे नशिबात नाईत." बायकोच्या, वर्षाच्या हातच्या तर्रीचं वर्णन तेवढं ऐकवायचास. मला त्याचा फार राग यायचा.

खरं सांगू, मला त्या शनिवारांचाच कंटाळा यायचा. आठवडाभर वर्ग, पेपर तपासणी, नॅकच्या तपासणीची कागदपत्रं, आणि शनिवारी दुसऱ्याच्या सूचना वाचत बसायचं, "यानंतर हे चालवा", "चालवल्यावर एवढा वेळ थांबा". कुणीही मागितलं नव्हतं. मासिकांना चालायचं, विद्यापीठाला चालायचं. मी तुला म्हणायचे की आपण दोघं दमून मरू आणि कुणाला कळणारही नाही. तू म्हणायचास, "कोनाले कळाव म्हणून नाई करून राह्यलो. आपण नसलो त निघाले पाह्यजे." तेव्हा हे वाक्य मला भाषणातलं वाटायचं. शिवाय तुला आणखी एक खोड. प्रत्येक फाईलच्या पहिल्या ओळीत ती कोणत्या मशीनवर, कोणत्या प्रोग्रामच्या कोणत्या आवृत्तीनं केली ते आपोआप छापलं जाईल अशी व्यवस्था तू करून ठेवलीस. मी त्याला तुझं गोंदण म्हणायचे.

मग मिरची आली. सेलूकडच्या आणि आर्वीकडच्या भाजीवाल्यांच्या वाड्यांमध्ये मिरचीची पानं आकसायला लागली, चुरडा-मुरडा म्हणतात तो रोग. झाड जिवंत राहतं, पण पानं वळतात आणि मिरची धरत नाही. तुझा पहिला प्रश्न साधा होता: दोन्हीकडचा विषाणू एकच आहे की वेगळा? वेगळा असेल तर जिथली तिथली गोष्ट. एकच असेल तर तो कशानं तरी प्रवास करतो, आणि हा रोग पसरवणारी पांढरी माशी एवढ्या लांब उडत जात नाही. मग रोपांबरोबर गेला असणार. हे तू मला समजावत होतास तेव्हा आपण आर्वीच्या एसटीत उभे होतो आणि थर्मासच्या डब्यातली पानं मी पोटाशी धरली होती.

आर्वीच्या पुढच्या त्या वाडीतली बाई तुला आठवते का? आपण पानं खुडत होतो आणि ती बांधावर उभी राहून बघत होती. शेवटी म्हणाली, "मागच्या सालीबी कोनीतरी पानं घेऊन गेलते. काई सांगाले नाई आले." तू हातातलं पान तसंच धरून म्हणालास, "मी येईन सांगाले." ती म्हणाली, "सगळेच म्हणतेत." त्या बाईनं रोपं कुठून आणली ते आपण विचारलं होतं. सेलूकडून, तुझ्याच गावच्या रोपवाटिकेतून. तुझ्या मोठ्या भावाच्या.

गजाननभाऊंची रोपवाटिका म्हणजे तुमचं घर. शेत त्यांनी सांभाळलं म्हणून तू शिकलास, हे तू दर दोन वाक्यांनंतर सांगायचास. गावात भाजीवाल्यांची घरं पुष्कळ, पण रोप घ्यायचं तर गजाननभाऊंकडचं, असं आर्वीपर्यंत नाव. त्यामुळे या कामात तू पहिल्यापासून अवघडलेला होतास. मी म्हटलं होतं, हे काम मला दे, तू बाजूला हो. तू म्हणालास, "मी बाजूले झालो त लोक म्हणतीन लपवून राह्यला. मी करतो, तू तपासजो." तेव्हा मला ते पटलं. आताही पटतंच, फक्त आता पटून घ्यायला जड जातं.

मग तुझं पोट दुखायला लागलं आणि पुढचं सगळं भराभर झालं. सेलूकडच्या पानांच्या फायली तू आपल्या खोलीतल्या मशीनवर साफ करून ठेवल्या होत्यास. आर्वीकडच्या यायच्या होत्या. त्या आल्या तेव्हा तू दवाखान्यात होतास, हाताला सलाईन, मांडीवर उशी आणि उशीवर लॅपटॉप. मी भेटायला आले की नर्स माझ्याकडे बघून म्हणायची, मॅडम, तुम्ही तरी सांगा त्यांना. मी सांगितलं. तू म्हणालास, "पडल्या पडल्या दुसरं करू काय?" वर्षा खिडकीशी मोसंबी सोलत बसली होती. ती म्हणाली, "करू द्या ताई, तेवढंच दुखणं इसरते."

तिथेच तुझं उत्तर निघालं. सेलूकडचा विषाणू वेगळ्या घराण्यातला, आर्वीकडचा वेगळ्या. झाडाच्या दोन स्वच्छ फांद्या. तू मला फोन केलास तेव्हा तुझा आवाज बारीक झाला होता पण त्यात हसू होतं. गजाननभाऊंना तू आधीच सांगून टाकलं होतंस की आपली रोपं निर्दोष आहेत. त्यांनी गावात पेढे वाटले म्हणे. मी म्हटलं, मग पाठवून देते निबंध, तुझं नाव पहिलं. तू म्हणालास, "एकदा सासरी पाठवजो, मंग धाड." मी म्हटलं, "काऊन रे? आता तरी सोड ना. तुह्यं कधी फसलं हाये काय?" तू म्हणालास, "म्हणूनच." आणि मग तुला खोकला आला, वर्षानं फोन घेतला, ती म्हणाली नंतर बोला. नंतर आपण बोललो, पण कामाचं नाही. मी त्या "म्हणूनच"चा अर्थ विचारायचा ठेवला होता.

तुझी तेरवी झाली आणि त्यानंतरच्या शनिवारी मी आणि प्रियंका खोलीत गेलो. खरं तर मला जायचं नव्हतं. ऊन असं होतं की दाराची कडी हाताला भाजत होती. निबंध तयार होता, एक बटण दाबायचं होतं, आणि तू विचारायला येणार नव्हतास. पण प्रियंका येऊन बसली होती आणि तिनं तुझ्या खुर्चीसमोर सुपारीची डबी ठेवली होती. मी तिच्यावर चिडले. म्हटलं, हे काय नाटक? ती म्हणाली, "नाटक नाई मॅडम. सरच्या कामात सर गप बसतेत, नियम हाये." मग मी डबी तिथेच राहू दिली. त्या दिवशी करणाऱ्याचं तोंड बंद असण्याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

कच्च्या फायली घेतल्या, तुझ्या सूचना उघडल्या, पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. सूचना तुझ्यासारख्याच, कंटाळवाण्या आणि पूर्ण. कुठेही अडलं नाही. एवढं अडलं नाही की मला रडू यायला लागलं, कारण प्रत्येक पायरीवर पुढे काय अडेल ते तू आधीच ओळखून ठेवलं होतंस. आणि दुपार कलल्यावर पडद्यावर झाड आलं. दोन फांद्या नव्हत्याच. सेलू आणि आर्वी एकमेकांत मिसळलेले, शेजारी शेजारी, एकाच घराण्यातले. प्रियंका म्हणाली, "माझंच काही चुकलं असन." पुन्हा केलं. मग माझ्या मशीनवर केलं. दोन्हीकडे तेच. तुझं तेवढं वेगळं.

कारण शोधायला वेळ लागला नाही, कारण तू गोंदून ठेवलं होतंस. तुझ्या साफ केलेल्या फायलींच्या पहिल्या ओळी मी एकाखाली एक उघडल्या. सेलूकडच्या सगळ्यांवर खोलीतल्या मशीनचं नाव आणि साफसफाईच्या प्रोग्रामची जुनी आवृत्ती. आर्वीकडच्या सगळ्यांवर लॅपटॉपचं नाव आणि नवी आवृत्ती. नवी आवृत्ती जरा जास्त खरवडते, आणि आम्ही दोन्हीकडच्या फायली एकाच आवृत्तीनं साफ केल्या होत्या. तुला जो दोन घराण्यांमधला फरक दिसला तो विषाणूंचा नव्हताच. अर्ध्या मिरच्या एका चक्कीवर दळल्या, अर्ध्या दुसऱ्या चक्कीवर, आणि तिखटाची भुकटी वेगळी दिसली म्हणून मिरच्याच वेगळ्या म्हटल्या, असं झालं. शिळं चालत नाही हे आम्हाला शिकवणारा तू, आणि तू शिळ्यावर पुढचं रांधलंस. दवाखान्यात सगळं पहिल्यापासून करायची ताकद नव्हती तुझ्यात. मला ते कळत होतं आणि तरी मी तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "येड्या, बह्याडा, मले सांगाचं होतं ना."

तू काहीच बोलला नाहीस. नेहमी त्या खुर्चीतून तू काही बोलायचा नाहीस तेव्हा मला माहीत असायचं की काम आटोपलं की सुपारी थुंकून बोलशील.

आता माझ्यापुढे काय होतं ते तुला सांगते, कारण ते मी दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही. दोन्हीकडचा विषाणू एकच, म्हणजे तो रोपांबरोबर गेला असण्याचीच शक्यता जास्त. रोपं तुझ्या भावाची. तुझं चुकलेलं उत्तर नेमकं तुझ्या भावाला सोडवणारं. हे बाहेर आलं की लोक काय म्हणतील ते सांगायला ज्योतिषी नको. मास्तरनं भावासाठी आकडे फिरवले. ज्या माणसानं आम्हाला वर्षानुवर्षं सुपारी तोंडात धरून बसायला लावलं, त्याच्या नावावर शेवटी हे. आणि उत्तर दाबावं तर आर्वीच्या त्या बाईला सांगायला जाणार कोण? तू तिला शब्द दिला होतास. या सालची रोपंही वाफ्यात बोटभर झाली होती आणि गाडीत भरायला थोडेच दिवस राहिले होते.

आधी तुझ्या घरी सांगायचं ठरवलं. सेलूला उतरून गावापर्यंत ऑटोनं गेले. वर्षानं पाणी दिलं, गजाननभाऊ वाफ्यावरून हात धुऊन आले. तुझा फोटो खुंटीला होता, चष्म्याशिवायचा, त्यात तू ओळखूच येत नाहीस. मी सगळं सांगितलं, चक्कीचंही सांगितलं. गजाननभाऊंनी हात पुसले. मग म्हणाले, "म्हणजे त्याचं चुकलं."

"हो, भाऊ."

"अन् आमचीच रोपं रोगट."

"तसं पक्कं नाई म्हणता येत. पण वाफे तपासा लागतीन. पानं मी आजच घेऊन जाते."

"तुमी हे छापसान."

"छापा लागन, भाऊ."

"लोक म्हणतीन, माह्यासाठी त्यानं खोटं केलं." त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळे मला जास्त वाईट वाटलं. "तो गेला. त्याले गेल्यावरबी सुखानं राहू देत नाई तुमी लोक. काऊन उकरता हे? कोनी मांगतलं होतं?"

कोणी मागितलं होतं. प्रमोद, माझेच शब्द होते ते, तुझ्या भावाच्या तोंडून आले. मी त्यांना म्हटलं, त्यानंच मागितलं होतं, भाऊ, फोनवर. ते उठून वाफ्याकडे निघून गेले. वर्षा आतल्या दाराशी उभी होती. तिनं विचारलं, "ह्यायले हे समजलं होतं काय, ताई? जाताना?" मी म्हटलं नाही, त्याला उत्तर बरोबर आहे असंच वाटत होतं. ती म्हणाली, "मंग बरं." पण चेहऱ्यावर बरं काहीच नव्हतं, आणि मला ऑटोपर्यंत सोडायला ती आली नाही. पानं मी एकटीच खुडली. गजाननभाऊंनी अडवलं नाही, मदतही केली नाही. ती पानं प्रयोगशाळेत पाठवली आहेत, फायली अजून यायच्या आहेत.

घरी आले. नवरा म्हणाला जेवून घे, जेवले. तुझ्यावर राग येत होता, गजाननभाऊंवर येत होता, त्या प्रोग्रामच्या कुठल्या परदेशातल्या लेखकावरही येत होता. आणि मग हळूहळू लक्षात आलं की मला ज्याची भीती वाटत होती त्याचं उत्तर तू स्वतःच देऊन ठेवलं आहेस. आकडे फिरवणारा माणूस कच्च्या फायली ठेवत नाही. आपण कोणत्या मशीनवर काय केलं ते पहिल्या ओळीत गोंदत नाही. दुसऱ्यानं बिनचूक तपासावं म्हणून इतक्या चोख सूचना लिहीत नाही, आणि मरता मरता फोनवर "सासरी पाठवजो" म्हणत नाही. काम उघडं ठेवलं होतंस म्हणून चूक ही चूक म्हणून दिसली. झाकलेली असती तर ती लबाडीच ठरली असती आणि तुझ्या बाजूनं बोलायला कुणाकडे काही उरलं नसतं. इतकी वर्षं मी ज्याला तुझी खोड म्हणत आले तिनंच तुझं नाव राखलं. हे मला तुला तोंडावर सांगायला मिळालं असतं तर तू किती दिवस मिरवलं असतंस.

म्हणून निबंध नव्यानं लिहिला. पहिलं नाव तुझंच आहे. आधीचं उत्तर काय होतं, ते कुठे आणि कसं चुकलं, कोणत्या फायलींवरून कळलं, सगळं सरळ लिहिलं आहे, आणि सोबत सगळ्या फायली ठेवल्या आहेत. ज्याला वाटेल त्यानं आपल्या मशीनवर चालवून पाहावं. तुझी चूकही आता कुणालाही जशीच्या तशी पुन्हा काढून बघता येईल. तुला याचं हसू आलं असतं. मला नाही आलं, मी फार थकले आहे, पण लिहून झाल्यावर झोप बरी लागली.

आर्वीला मी जाऊन आले. ती बाई ओळखीनाच, मग थर्मासचा डबा बघून तिनं ओळखलं. मी तिला सांगितलं की दोन्हीकडचा रोग एकच आहे, रोपांतून आला असावा, यंदा जाळीखाली वाढवलेलं रोप घ्या आणि आकसलेलं दिसलं की उपटून जाळा. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ते सर नाई आले?" मी सांगितलं. ती पदरानं कपाळ पुसत म्हणाली, "आले असते ते. बोललते तसं." एवढंच. तुझ्या शोकसभेत यापेक्षा बरं कुणी बोललं नाही.

आणि आता या शनिवारचं. मी आणि प्रियंका खोलीत होतो, निबंध जाण्याआधी माझं नवं काम तिच्या मशीनवर चालवून झालं होतं आणि नांदलं होतं. दुपारच्या सुमाराला दार वाजलं. वर्षा होती. उन्हानं लाल झाली होती, एका हातात मोठा डबा, दुसऱ्या हातात कापडात गुंडाळलेली किटली. एसटीत तर्री सांडली म्हणून सगळ्या रस्त्यानं आपणच आपल्यावर चिडत आल्यासारखी दिसत होती. मी खुर्ची दिली. ती बसली नाही. डबा टेबलावर ठेवून म्हणाली, "मोठ्या भाऊजींनं वाफे उपटले सगळे. दोन दिवस जेवले नाईत. आता जाळी बांधून राह्यले."

मी म्हटलं, "वर्षा, मी..."

"ऱ्हाऊ द्या, ताई. मले ह्यायनं सांगतलं होतं. ज्याचं फसते त्यानं पोहे खाऊ घालाचे, असं हाये ना तुमचं?" तिनं झाकण काढलं. "त्याईचं फसलं. तुमी काई मांगतले नाई."

प्रियंकानं प्लेटा काढल्या. वर्षानं पोहे वाढले, वरून हरभऱ्याची लाल तर्री घातली, कांदा, लिंबू. वास खोलीभर झाला. तू सांगायचास तशीच तर्री होती, नुसती फुशारकी, फोकनाड नव्हती ती. तीन प्लेटा तयार झाल्या आणि आम्ही दोघी, मी आणि प्रियंका, तशाच हातावर हात ठेवून बसून राहिलो. पोहे समोर आले की ज्याचं काम त्यानं बोलायचं असतं, आणि तो बोलून झाल्याशिवाय कुणी घास घेत नाही. तेवढी सवय लागून गेली आहे, ती काही ठरवून आली नाही. आम्ही तुझ्या खुर्चीकडे बघत होतो. वर्षा आधी आमच्याकडे, मग खुर्चीकडे बघत राहिली. तिला नियमाचा हा भाग कदाचित तू सांगितला नसशील.

मग तिनं ती खुर्ची ओढून घेतली आणि तिच्यात बसली.

"खा ना," म्हणाली, "थंडे होऊन राह्यले."